एका बोटाने फिरणारी जीप

मघाशी चहा घेताना चार जणांनी मला एकच तक्रार चार तऱ्हांनी सांगितली. "पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलं, पण आता फारच हलकं झालंय." "एका बोटाने फिरतं, आणि तीच भीती वाटते." "ऐंशीला गाडी तरंगते." चौथे म्हणाले, "बायको आता बसतच नाही." चौघांच्याही जीपा जुन्या, विलीजच्या, म्हणजे मूळ अमेरिकन जीपच्या वंशातल्या. पुढे सलग अख्खा ॲक्सल, खाली पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आणि चौघांनीही भंगार बाजारातून नंतरच्या पिढीच्या, वजनदार गाडीचा पॉवर बॉक्स (तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करणारी पेटी) आणि तिला तेल पुरवणारा पंप आणून चासीला वेल्डिंग करून बसवलाय. अशा बदलाचं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली काय होतं ते आरटीओत जाऊन विचारा. मी आज फक्त लोखंडाबद्दल बोलणार आहे.

पॉवर का बसवलं, ते मात्र मला कळतं. मूळ जीपचं स्टेअरिंग म्हणजे तालीम. आणि नदीपात्रात चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग गर्रकन उलटं फिरायचं. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंगठे आत घालायचे नाहीत, बाहेरून ठेवायचे, नाहीतर मोडतील. पॉवर बॉक्समध्ये हा दणका तेलात जिरतो. ऑफरोडला ते वरदानच आहे. त्यामुळे "पॉवर काढून टाका" हा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

आणि ही तक्रार नवी नाही. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली चालतं पॉवर स्टेअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. बाजारात ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इंपीरियलवर. त्या दशकातल्या क्रायस्लर गाड्यांबद्दल लोक तेव्हाच म्हणत होते की रस्ता हाताला कळतच नाही. म्हणजे आपण सत्तर वर्षं जुनं दुखणं घेऊन बसलोय.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. माझ्या स्वतःच्या जीपला पॉवर बसवलं तेव्हा मलाही ते हलकं वाटलं. बॉक्सच्या टोपणावर मधोमध एक स्क्रू असतो, लॉकनट असलेला. तो आवळला की स्टेअरिंग जड होतं. मी अर्धा फेरा आवळला. झालं की छान, जड! दोन दिवसांनी वरंध घाटात उतरताना डाव्या वळणावर स्टेअरिंग फिरवलं आणि सोडलं, तर ते तिथेच. परत येईना. प्रत्येक वळणातून मला ते ओढून सरळ करावं लागत होतं. घाट उतरेपर्यंत शर्ट भिजला होता. तो स्क्रू आतल्या दात्यांमधली मोकळीक ठरवण्यासाठी असतो, जडपणासाठी नव्हे. तो आवळून मी जे मिळवलं ते वजन नव्हतं, घर्षण होतं. हाताला दोन्ही सारखीच लागतात, पण वजन चाकाला मध्यावर परत आणतं आणि घर्षण त्याला धरून ठेवतं. दाते झिजतात ते वेगळंच.

म्हणून कुठलाही पाना उचलण्याआधी एक परीक्षा. मोकळं मैदान, पंधरा-वीसचा वेग, स्टेअरिंग एक फेरा फिरवा आणि हात ढिला सोडा. हलकं आहे, पण स्वतःहून मध्यावर येतं? मग दोष तेलाचा. हलकं आहे आणि येतही नाही? मग दोष ॲक्सलच्या कोनाचा. जड आहे आणि येत नाही? मग कुठेतरी काहीतरी घासतंय: किंग पिन (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती), टाय रॉडचे एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं), किंवा माझ्यासारख्या शहाण्याने आवळलेला स्क्रू. आज बाहेरच्या चार गाड्यांपैकी तीन दुसऱ्या प्रकारातल्या असतील, असं मी त्या नुसत्या उभ्या बघूनच सांगतो. कारण तिन्ही उंच केलेल्या आहेत.

हे जरा सावकाश घेतो, कारण इथेच सगळं आहे. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं फिरतं चाक आठवा. त्याचा खुंटा पुढे आणि चाक मागे, म्हणून ढकललं की चाक आपोआप सरळ होतं. गाडीत हेच काम किंग पिनचा तिरपेपणा करतो. पिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं. याला कॅस्टर म्हणतात. विलीज वंशाच्या जीपला ते साधारण ३ अंश असतं. हाताने फिरवायच्या स्टेअरिंगला तेवढंच परवडतं, कारण कॅस्टर वाढलं की हाताला जडही लागतं.

आता तुम्ही काय केलंत? उंची वाढवायला पुढचे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणारे हलते दुवे, लांब केले. या जीपांचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक चासीला पक्कं. शॅकल २ इंच लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चासीच्या मानाने २ इंच खाली जातं. पाटा या टोकाच्या बुशपासून त्या टोकाच्या बुशपर्यंत साधारण ३६ इंच. २ भागिले ३६, अंश काढायला गुणिले ५७, आलं ३ अंशांहून किंचित जास्त. पाटा नाक खाली करून झुकला, त्याच्याबरोबर ॲक्सल झुकला, पिनचं वरचं टोक पुढे आलं. कारखान्याने दिलेलं होतं ३, तुम्ही घालवलंत ३. राहिलं शून्य. आणि मिळाली किती उंची? ॲक्सल पाट्याच्या मध्यावर, म्हणजे फक्त १ इंच. मागचा भाग तेवढाच ठेवला असेल तर चासीचं नाक वर गेल्याने पाऊण अंश परत मिळतो, पण तुम्ही मागेही उंच केलंय.

मूळ स्टेअरिंग असताना हे जाणवलं नाही, कारण ते इतकं जड होतं की चाकं भटकतायत हे हाताला कळत नव्हतं. पॉवर आलं आणि पडदा उठला. दोष पॉवरला मिळाला.

यावर इलाज पाचर. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणारी पोलादी पाचर, २, ३, ४ अंशांत मिळते. ॲल्युमिनियमची घेऊ नका, दबते आणि फुटते. आणि जाड बाजू कुठे, यावर अर्धी गॅरेजं चुकतात. पाटा ॲक्सलच्या खाली असेल, म्हणजे मूळ रचना, तर जाड बाजू पुढे. कुणी पाटे ॲक्सलच्या वर चढवले असतील तर जाड बाजू मागे. उलटी बसली तर कॅस्टर उणे होतं आणि मग गाडी खरोखर चालवण्यालायक राहत नाही. पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब घ्या, त्याची टोपी ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसायला हवी. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घाला, आणि शंभर किलोमीटरने पुन्हा आवळा.

कोन मोजायला लेझर अलाइनमेंटची गरज नाही. सपाट फरशीवर गाडी, चाकं सरळ, किंग पिनच्या वरच्या टोपीवर डिजिटल कोनमापक गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. टोपी पिनला काटकोनात असते. आधी मोजा, मग पाचर विकत घ्या. आमच्याकडे लोक पाचर घेऊन येतात आणि मग विचारतात, कोन किती आहे.

पॉवर असल्यावर ३ वरच थांबायचं कारण नाही. ५-६ पर्यंत न्या. जडपणा उचलायला तेल आहेच. १९७०-८०च्या दशकांतल्या पॉवरवाल्या मर्सिडीजना ८ अंशांच्या वर कॅस्टर होतं, आणि त्या गाड्यांचं स्टेअरिंग कुणी भटकं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपल्याला तितकं जमत नाही, कारण अख्खा ॲक्सल फिरतो तसा डिफरन्शियलचा पिनियन, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो ते टोकही खाली जातं, आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट कुरकुरायला लागतो. फोर व्हील लावल्यावर पायाखाली थरथर जाणवली की समजा, जास्त झालं.

हे सगळं करून गाडी मध्यावर यायला लागली आणि तरीही हलकीच वाटली, तरच तेलाकडे वळा.

बॉक्सच्या आत एक पोलादी कांडी असते, टॉर्शन बार. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा वरचं टोक फिरतं, खालचं टोक चाकांनी अडवलेलं. कांडी किंचित पिळते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं. म्हणजे तुमच्या हाताला लागतं ते मुख्यतः या कांडीचं पीळ खाणं. जाड कांडी असली तर स्टेअरिंग भारी लागतं, बारीक असली तर हलकं. जड गाडीचा बॉक्स सव्वा-दीड टनाच्या जीपला लावला की जवळजवळ सगळं काम तेलच करतं, हाताला काही उरत नाही. कांडी बदलता येते, पण ती पिनने जाम केलेली असते आणि व्हॉल्व्ह पुन्हा अचूक मध्यावर आणावा लागतो. चुकलात तर स्टेअरिंग एका बाजूला स्वतःहून ओढतं. घरी करायचं काम नाही ते.

सोपा मार्ग पंपाकडून. बहुतेक लोक प्रेशर कमी करायच्या मागे लागतात. रिलीफ व्हॉल्व्हचं, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचं, प्रेशर फक्त स्टेअरिंग शेवटपर्यंत दाबून धरलं तेव्हा कामाला येतं. हायवेवर मध्याच्या आसपास त्याच्या जवळपासही प्रेशर जात नाही. तिथे महत्त्वाचा असतो प्रवाह. पिळलेल्या व्हॉल्व्हच्या फटीतून जितकं तेल जातं, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मदत मिळते. प्रवाह ८० टक्के केला, तर मदत ६४ टक्के. आणि हा प्रवाह बऱ्याच पंपांत बाहेर पडणाऱ्या युनियनमधल्या, म्हणजे पाइपच्या जोडातल्या, एका बारीक भोकाने ठरतो. भोकाचा व्यास १० टक्के कमी केला की प्रवाह १९ टक्के घटतो आणि मदत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. समजा ४ मिलिमीटरचं भोक होतं, ते ३.६ झालं. एवढ्यात गाडी बदलते. म्हणून जुनं युनियन जपून ठेवा आणि दुसरं घेऊन लेथवर बुश घालून भोक करून घ्या. एका वेळी थोडंच. फार कमी केलंत तर पार्किंगमध्ये, इंजिन आयडलला असताना भराभर फिरवलं की स्टेअरिंग मध्येच अडकल्यासारखं होतं, कारण पिस्टन भरायला तेल पुरत नाही.

बाकीचं पटकन. टायरमध्ये पंचेचाळीस हवा भरून हलकेपणाची तक्रार करू नका. जीपच्या पुढच्या वजनाला ती फार होते. लहान स्पोर्ट्स स्टेअरिंग लावलं तर जड होतं खरं: १७ इंचांचं काढून १४ चं लावलं की हाताला २० टक्क्यांच्या वर जोर जास्त लागतो. पण त्याच अंशांसाठी हात कमी फिरतो, म्हणून गाडी आणखी चटपटीत वाटते. दिसायला चांगलं दिसतं, एवढंच म्हणतो.

(प्रश्न: पंपाची पुली मोठी लावली तर?)

आयडलला फरक पडेल, हायवेला नाही. एका वेगानंतर पंपातला फ्लो व्हॉल्व्ह जास्तीचं तेल आतल्या आत फिरवतो, पुली कुठलीही असो. म्हणजे जिथे मदत हवी तिथे घालवाल, आणि जिथे नको तिथे तशीच राहील.

(प्रश्न: मी पंप आणि बॉक्सच्या मधल्या पाइपवर बॉल व्हॉल्व्हचा नळ लावलाय. जड हवं तेव्हा थोडा बंद करतो.)

कुठला आहे? पाण्याच्या लाइनचा? हार्डवेअरच्या दुकानातला? बघा, त्या पाइपमध्ये स्टेअरिंग टोकाला गेलं की शंभर बारच्या घरात प्रेशर जातं. नळ अर्धवट बंद असला की त्याच्या अलीकडे पंप कोंडतो, तेल तापतं. आणि जोड सुटला तर ते तेल गरम एक्झॉस्टवर पडतं, किंवा बारीक फवारा तुमच्या हाताच्या कातडीत शिरतो. सुई टोचल्याएवढं दिसतं, आणि माणूस ऑपरेशन टेबलवर जातो. तुमची ती हिरवी जीप ना, कोपऱ्यातली? चहा झाला की माझ्या मुलाला पाने घेऊन पाठवतो. नळ इथेच काढू, त्याशिवाय ती गाडी गेटबाहेर नेऊ नका.