पट्ट्याचे पाते कुठे गेले?

नमस्कार श्रोतेहो. प्रत्येकाच्या खिशात फोटो काढणारा फोन असताना गळ्यात वेगळा कॅमेरा अडकवून हिंडण्याची गरज उरली आहे का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी हौशी छायाचित्रकार असल्यामुळे माझे झुकते माप कोणाच्या पारड्यात पडणार हे आपण ओळखले असेलच; म्हणून फोनच्या बाजूचे खरे आहे ते आधी कबूल करतो. 2010 साली जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाजारात गेले होते आणि 2023 साली हा आकडा 80 लाखांच्याही खाली आला. बारशाचा फोटो असो, राजहंसगडावरच्या सहलीचा असो, की खानापूरकडच्या भातशेतीचा असो, दिवसाउजेडी फोन तो उत्तम काढतो, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो अंधाराबद्दल आणि अंधारात हलणाऱ्या गोष्टींबद्दल.

आपल्या बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, हे आपल्याला मी सांगायला नको. काही वर्षांपूर्वी त्या मिरवणुकीला मी माझा जुना कॅमेरा घेऊन गेलो होतो आणि बरोबर माझा भाचा होता, ज्याने त्याच महिन्यात पन्नास-साठ हजारांचा नवा फोन घेतला होता. माझ्या गळ्यातले ओझे पाहून तो म्हणाला, "मामा, हा दगड कशाला आणलासा?" मी काही बोललो नाही. रामदेव गल्लीच्या आसपास मध्यरात्रीनंतर एका गावच्या तालमीचे पथक आले. ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करणारी मंडळे पुढे निघून गेली होती, म्हणून हलगीचा आवाज निदान कानाला कळत होता. (त्या भिंतींविषयी मला बरेच बोलायचे आहे, पण तो आजचा विषय नाही.) पथकात चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी दांडपट्टा फिरवत होती आणि तिच्या अवतीभोवती चार मशालींखेरीज दुसरा उजेड नव्हता.

भाच्याने फोन उंच धरला, दोन-तीन सेकंद स्थिर ठेवला आणि लगेच मला पडदा दाखवला. फोटो पाहून मी खरोखरच गप्प झालो, कारण मुलीचा चेहरा, मागची घरे, गच्चीवरची माणसे असे सगळे लख्ख दिसत होते. मी मात्र ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, उघड, शटरचा वेग कमी कर, अशी खटपट करीत राहिलो आणि वीस-पंचवीस फोटोंतला जेमतेम एक धड निघाला. भाच्याचा फोटो पहाट होण्याआधीच गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर पोहोचला होता.

आठवड्याने त्या गावच्या तालमीतून निरोप आला. मुलीला पट्टा शिकवणारे वस्ताद सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी नातवाच्या फोनवर तो फोटो पाहिला होता, आणि आम्ही मामा-भाचे समोर बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पट्ट्याचं पातं कुठं गेलं?" आम्ही पुन्हा निरखून पाहिले. मुलीच्या हातात कोपरापर्यंतचा खोबळा, म्हणजे पट्ट्याच्या मुठीवरचे हात झाकणारे धातूचे आवरण, होता, खोबळ्याच्या आत मूठ असणार हेही कळत होते, पण पुढे लवलवणारे लांब पाते फोटोत नव्हतेच! वस्ताद म्हणाले, "पोरगी नुसता खोबळा घालून हात फिरवत हुती, असं लोक म्हणतील की."

हे कसे घडले, ते थोडक्यात सांगतो. अंधारात फोन एक फोटो काढत नाही. तो एकापाठोपाठ अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर बसवतो आणि त्यांतून एक चित्र तयार करतो. जे स्थिर आहे ते प्रत्येक फोटोत एकाच जागी सापडते, म्हणून टिकते. जे वेगाने हलते ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते, म्हणून जुळवाजुळवीत गळून जाऊ शकते. पुन्हा सांगतो: स्थिर ते टिकते, हलते ते गळते. घरे राहिली, गच्ची राहिली आणि पाते गेले.

माझ्या कॅमेऱ्याने मात्र एका सेकंदाच्या साठाव्या भागात एकच फोटो घेतला होता. त्यात गच्ची काळी होती, घरे काळी होती, मुलीचा अर्धा चेहरा सावलीत होता आणि पाते मशालीच्या उजेडात चंद्रकोरीसारखे ओढले गेले होते. एवढ्या अल्प वेळात त्याला पुरेसा प्रकाश मिळाला, तो सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, आकारामुळे. पावसाच्या पागोळ्यांखाली परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल हे घराघरांत ठाऊक आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा आहे, आणि महागड्या फोनमधला, ज्याला एक इंची म्हणतात तो मोठा सेन्सरसुद्धा साधारण 13 बाय 9 मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळात सातपट फरक पडतो. बहुतेक फोनांचे सेन्सर याहूनही लहान असतात. परात आणि वाटी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. जांबोटीच्या रानात दूरच्या झाडावरचा धनेश टिपायचा असेल, तर लांब पल्ल्याच्या लेन्सचीही गरज लागते, पण ते शौकिनांना ठाऊकच आहे.

वस्तादांना माझा तो फोटो तालमीत लावण्यासाठी 12 बाय 18 इंचांचा हवा होता. भाच्याचा फोटो छापून पाहण्याची हौसही लोकांनी केली होती, पण व्हॉट्सॲपवरून फिरता फिरता त्याच्या लांब बाजूला जेमतेम दीड-दोन हजार ठिपके उरले होते आणि कागदावर मुलीचा चेहरा मेणाचा दिसत होता. तेव्हा फोनवरूनच छापायचे असेल, तर मूळ फाइल मागून घ्यावी. आणि छापावे जरूर. पाच हजार फोटो खिशात बाळगून भिंतीवर एकही नसलेली घरे मला ओकीबोकी वाटतात.

नवा कॅमेरा विकत घ्या, असे मी कोणालाही सांगणार नाही. आपल्याकडे अनेक घरांत दहा-बारा वर्षांपूर्वीचा कॅमेरा कपाटात पडून आहे, तो बाहेर काढावा. मात्र आपल्या भागातला पाऊस आणि त्याची ओल लेन्सला मानवत नाही. काचेवर बुरशी धरते आणि एकदा ती खोल गेली की काचेवरचा लेप खाते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, निळे खडे गुलाबी झाले की पुड्या बदलाव्यात, आणि बॅटरी काढून वेगळी ठेवावी. नमस्कार.