रीफ टँक पुन्हा भरताना : आधी पाण्याचा हिशेब

[पडद्यावर: टाकीचं समोरून दृश्य. उजवीकडे उघडलेले पॉलिप (प्रवाळाचे बारीक जीव), डावीकडे पांढरे सांगाडे.]

खडकाची उजवी बाजू छान डोलतेय आणि डावीकडे नुसते सांगाडे उरलेत. अशी अर्धी रिकामी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळं पाळलेली खाऱ्या पाण्याची टाकी, समोर असली की हात शिवशिवतात. नवे फ्रॅग, म्हणजे प्रवाळांचे लावायचे तुकडे, आणावेत आणि जागा भरून टाकाव्यात असं वाटतं. पण जुनी प्रवाळं ज्या कारणानं गेली ते कारण अजून पाण्यातच असेल, तर नवीही त्याच वाटेनं जाणार. म्हणून सुरुवात मेलेल्या प्रवाळांपासून करायची.

[जवळून: अ‍ॅक्रोपोराची फांदी.]

ही अ‍ॅक्रोपोरा बघा. ही फांद्यांची दगडी प्रवाळ जात, बुंध्यापासून वर वर पांढरी होत गेलीय. जिथे तपकिरी रंग संपतो त्या रेषेवर मांसल थर सुटून चिंधीसारखा लोंबतोय. खाली उरलाय तो निव्वळ चुन्याचा सांगाडा, तो परत जिवंत होत नाही. शेजारची मॉन्टिपोराही पांढरट दिसते, पण भिंग धरलं की कळतं, प्रत्येक खळग्यात पारदर्शक पॉलिप जागेवर आहे. तिनं आपल्या पेशींतलं शैवाल गमावलंय. यालाच ब्लीचिंग म्हणतात, आणि ही वाचू शकते.

दोन्हींची कारणं सहसा वेगळी असतात. ब्लीचिंगमागे बहुतेक वेळा वाढलेलं तापमान किंवा एकदम वाढवलेला प्रकाश असतो. उपाय म्हणजे दिव्यांची तीव्रता उतरवायची, प्रवाळ थोडं सावलीत न्यायचं आणि बारीक खाद्य देत राहायचं. बुंध्यापासून थर सुटत असेल तर संशय अल्कलिनिटीच्या (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याच्या) चढउतारावर, किंवा फॉस्फेट झपाट्यानं खाली ओढल्यावर. अशा वेळी थर सुटण्याच्या रेषेपासून एक-दोन सेंटीमीटर वर, निरोगी भागातून फांदी कापून वेगळ्या प्लगवर (फ्रॅगच्या छोट्या बैठकीवर) चिकटवतात. शेंड्याचा तुकडा वाचवायचा तर हाच मार्ग.

आता साफसफाई. कुजणारा मांसल थर अमोनिया सोडतो, म्हणून मेलेले तुकडे त्याच दिवशी बाहेर काढायचे, अमोनियाची चाचणी करायची आणि जाळीच्या पिशवीत ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावायचा. पंपांची आणि काच पुसायच्या उपकरणाची चुंबकंही तपासा. वरच्या प्लास्टिकला तडा गेला की आतलं चुंबक गंजतं आणि धातू थेट पाण्यात उतरतो. कारण सापडत नाही म्हणून महिनोन्‌महिने पाणी बदलत राहणाऱ्यांनी हे आधी बघावं.

[पडद्यावर: आर.ओ. युनिट, मग मिठाचं पाणी ढवळणारा पंप.]

टाकीत जाणारा प्रत्येक थेंब आर.ओ.-डी.आय. युनिटमधून, म्हणजे पडदा आणि रेझिन वापरून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून, आलेला हवा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसायला हवं. आकडा वर सरकायला लागला की डी.आय. रेझिन बदलायचं. दहा-वीसनं काय होतंय असं म्हणत चालढकल केली, तर बाष्पीभवनाच्या भरपाईतून रोज थोडी थोडी अशुद्धी टाकीत साठत जाते.

मीठ कालवताना आधी पाणी, मग मीठ, तेही हळूहळू. कोरड्या मिठावर पाणी ओतलं की त्या जागी क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, पाणी दुधाळ होतं आणि तेवढं कॅल्शियम वाया जातं. एका लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मीठ लागतं, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाचा. लक्ष्य 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला जुळवून भागत नाही. 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा, कारण आपल्याला वाचायचंय ते तिथलं.

बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्यानं. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे ही भरपाई आपोआप करणारं उपकरण, लावत असाल तर त्याची बादली मुद्दाम लहान ठेवा. प्रत्यक्ष पाणी 170 लिटर असेल आणि पातळी बघणारा फ्लोट अडकून 10 लिटर एकदम आलं, तर खारटपणा 35 वरून 33 वर येईल. हे निभावतं. 40 लिटरची बादली रिकामी झाली तर 28 वर येईल, आणि ते प्रवाळांना निभावत नाही.

[पडद्यावर: चाचणीची कुपी. थेंब पडताना रंग पालटतो.]

आता या सगळ्याचं मर्म, अल्कलिनिटी. प्रवाळ सांगाडा बांधतं तेव्हा पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही उचलतं. प्रमाण ठरलेलं आहे. 2.8 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) खर्ची पडते तेव्हा साधारण 20 पीपीएम (दशलक्षात 20 भाग) कॅल्शियम जातं. समुद्रात कॅल्शियम सुमारे 420 पीपीएम असतं, त्यातून 20 गेलं तर घरच्या चाचणीत कळतही नाही. पण अल्कलिनिटीचा साठा अवघा सात-आठ डीकेएचचा. त्यातून 2.8 गेली म्हणजे तिसरा हिस्सा गेला. म्हणून टाकीची नाडी अल्कलिनिटीवर बघायची, कॅल्शियमवर नव्हे.

पद्धत सोपी आहे, फक्त शिस्त हवी. डोसिंग, म्हणजे खर्च झालेले क्षार द्रावणातून भरणं, बंद करा. पहिल्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळी चाचणी घ्या, दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा. समजा 8.4 वरून 7.6 वर आली, तर रोजचा खर्च 0.4 डीकेएच. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. खडक आणि वाळूनं व्यापलेली जागा वजा जाता पाणी 170 लिटर असेल, तर रोजचे साधारण 2 ग्रॅम झाले. कॅल्शियमचा खर्च त्याच हिशेबानं दिवसाला 3 पीपीएमच्या आसपास, तो कॅल्शियम क्लोराइडनं भरायचा. ही दोन द्रावणं एकत्र कधी मिसळायची नाहीत, टाकीत सोडतानाही दोहोंत अंतर ठेवायचं आणि जोरदार प्रवाहातच सोडायची. एकमेकांना भिडली तर पांढरा गाळ होतो आणि तो पंपावर नि हीटरवर चढतो.

टाकी 7 डीकेएचवर चालवावी की 9 वर, यावर खूप वाद घातला जातो. आमच्या मते त्यात फारसा अर्थ नाही. 7.5 वर स्थिर असलेली टाकी आठवडाभर 7 ते 9 झोके घेणाऱ्या टाकीपेक्षा केव्हाही बरी. आकडा घसरलेला दिसला तर एका फटक्यात वर आणू नका. दिवसाला अर्धा, फार तर एक डीकेएच. मॅग्नेशियमही विसरू नका. ते 1,280 ते 1,350 पीपीएमच्या दरम्यान असावं. फार खाली गेलं की पाण्यात टाकलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेट प्रवाळापर्यंत पोहोचण्याआधीच गाळ बनून बसतं. मग कितीही डोस दिला तरी आकडा टिकत नाही.

आता इथली खरी मेख ऐका. निम्मी प्रवाळं मेली म्हणजे खर्चही घटला, पण डोसिंग पंपाला ते ठाऊक नसतं. तो जुन्या मापानंच द्रावण सोडत राहतो. अल्कलिनिटी आठवड्याभरात 8 वरून 10-11 वर जाते आणि पहिल्या घातातून वाचलेली प्रवाळं या दुसऱ्या घातात जातात. मोठी पडझड झाली की सर्वात आधी डोसिंग पंपाला हात लावायचा, तो यासाठीच.

घाबरून एकदम निम्मं पाणी बदलण्याचाही असाच तोटा होतो. काही सॉल्ट मिक्समध्ये अल्कलिनिटी 12 च्या आसपास असते. टाकी 8 वर असताना निम्मं पाणी बदललं की ती एका तासात 10 वर जाते. पाण्यात विषारी काही गेल्याची खात्री असेल तर तो धोका पत्करावा. एरवी आठवड्याला 10 टक्के, तापमान आणि खारटपणा जुळवून.

नायट्रेट आणि फॉस्फेटची गोष्ट थोडक्यात. शून्य हे ध्येय नाही. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असलं की प्रवाळांचं पोट भरतं. दोन्ही शून्यावर गेले की प्रवाळं फिकट पडतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेल्या शेंबडासारखे डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी जीव पसरतात. फॉस्फेट जास्त असेल तर लोहयुक्त शोषक माध्यम निम्म्या मात्रेत सुरू करा. सुरुवातीला आकडा उतरतो आणि पुन्हा चढतो, कारण खडकानं साठवलेलं फॉस्फेट बाहेर येत असतं. माध्यम दुप्पट करायची ही वेळ नव्हे.

[पडद्यावर: संपमधले (टाकीखालच्या जोडटाकीतले) दोन हीटर आणि कंट्रोलर.]

तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावा आणि दोन्ही स्वतंत्र कंट्रोलरवर ठेवा. हीटर बिघडतो तो पुष्कळदा चालू अवस्थेत अडकून. लहान हीटर एकटा टाकी उकडू शकत नाही. वीज गेली तर पहिलं संकट ऑक्सिजनचं, थंडीचं नंतर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या. संपमधून पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप थांबला की किती पाणी उलटं संपमध्ये येतं, हे वीज जायच्या आधी स्वतः पंप बंद करून बघून ठेवा.

तीन-चार आठवडे अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचच्या आत राहिली, काचेवर नि पंपावर जांभळट कोरलाइन शैवालाचे नवे ठिपके दिसू लागले, की टाकी तयार आहे असं समजा.

[पडद्यावर: पांढरा वाडगा, त्यात फ्रॅग. पिपेटनं पाणी मारलं जातं.]

नवा फ्रॅग आला. पिशवीतलं तापमान जुळवून तो टाकीच्या पाण्यात कालवलेल्या डिपमध्ये, म्हणजे किडे मारणाऱ्या द्रावणात, ठेवायचा, मात्रा आणि वेळ बाटलीवर दिलेली तीच. वाडगा पांढरा हवा. दर मिनिटाला पिपेटनं फांद्यांमध्ये जोरात पाणी मारा आणि तळाशी काय पडतं ते बघा. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे जवळजवळ पारदर्शक असतात, प्रवाळाचाच रंग घेतात. ते दिसले नाहीत तरी त्यांची खूण दिसते. फांदीवर फिकट गोल डाग, एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचे. अंडी असतात बुंध्याशी, उघड्या सांगाड्यावर, तपकिरी-सोनेरी पुंजक्यांत. डिपनं किडा मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून जुना प्लग कापून फेकायचा, अंडी खरवडायची आणि फ्रॅग वेगळ्या टाकीत ठेवून दर पाच-सात दिवसांनी डिप पुन्हा द्यायचा, निदान महिना-दीड महिना.

मासे नसलेल्या टाकीत ठेवण्याचा आणखी एक फायदा. क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे सागरी इक हा माशांचा परजीवी, याची पुटी (कवचातली अवस्था) फ्रॅगच्या प्लगला चिकटून येऊ शकते. माशाविना तो परजीवी टिकत नाही. त्यासाठी 76 दिवसांची मुदत रूढ आहे. मुख्य टाकीत तांब्याचं औषध मात्र कधीही घालू नका. मासे बरे होतील, पण शंख, झिंगे आणि प्रवाळं मरतील.

झोअँथस आणि विशेषतः पॅलिथोआ ही बटणासारखी मऊ प्रवाळं हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं, आणि ते माणसालाही घातक आहे. ज्या खडकावर ही प्रवाळं वाढलीत तो उकळू नका, कोरडा घासू नका. वाफेतून आणि शिंतोड्यांतून लोकांना रुग्णालयात जावं लागलंय.

आधी कोणती आणायची? मशरूम, झोअँथस किंवा एखादा हॅमर कोरल. हॅमर विशेष उपयोगी, कारण बिनसलं की तो आक्रसतो आणि कडेचा सांगाडा उघडा दिसू लागतो, म्हणजे लवकर इशारा मिळतो. तो महिनाभर फुगलेला राहिला की मॉन्टिपोरा. अ‍ॅक्रोपोरा सर्वात शेवटी. मऊ प्रवाळांना 50 ते 100 पार (प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) प्रकाश पुरतो, अ‍ॅक्रोपोराला 200 ते 350 लागतो. तरी सगळ्यांची सुरुवात तळाशी किंवा मंद प्रकाशात करायची आणि दोन ते चार आठवड्यांत वर न्यायचं.

जागा देताना आजचा आकार बघू नका. गॅलेक्सिया हे प्रवाळ रात्री लांब डंखणारे तंतू सोडतं, त्याला चहूबाजूंनी 20 सेंटीमीटर तरी मोकळे ठेवा. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना लागून राहतात. टॉर्च कोरल मात्र त्यांच्यात नको, तो दोघांनाही जाळतो. चिकटवायला जेल स्वरूपातला सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद, त्यावर इपॉक्सी पुटीची गोळी, त्यावर पुन्हा गोंद. ओल्या खडकावर नुसता गोंद धरत नाही, तिघं मिळून धरतात. पुटीनंतर स्किमर (फेसातून घाण काढणारं उपकरण) काही तास वेड्यासारखा फेस काढतो, तेव्हा कप थोडा उंच करून ठेवा.

मासे एका वेळी एक किंवा दोन, आणि पुढच्या जोडीआधी काही आठवडे जाऊ द्या. खाद्य वाढतं त्या वेगानं जिवाणूंची वाढ व्हायला हवी.

दर चार-पाच फ्रॅगनंतर ती दोन दिवसांची अल्कलिनिटीची मोजणी पुन्हा करा. नवे फ्रॅग पहिले काही आठवडे जवळजवळ काहीच वापरत नाहीत. प्लगवर बुंधा पसरायला लागला की खर्च चढतो, आणि त्या काळात 0.4 चे 0.7 कधी झाले हे मोजल्याशिवाय कळत नाही. डोस त्यामागून वाढवा, आधी नाही.

[पडद्यावर: हाडं कापायची कात्री, अ‍ॅक्रोपोराच्या शेंड्याचा तुकडा.]

फ्रॅग शक्यतो टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा घ्या. दगडी प्रवाळं साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याविना होत नाही. रीफवरून तोडलेल्या वसाहतीपेक्षा टाकीत वाढलेला तुकडा तगतोही जास्त, कारण त्याला दिव्यांची आणि डोसिंगची सवय असते. आपली वसाहत मुठीएवढी झाली की तिचा तुकडा काढून ओळखीच्या दुसऱ्या टाकीत द्या. पुन्हा कधी हीटर अडकला, तर तोच वाण तिथून परत आणता येतो. तुकडा किमान 3 सेंटीमीटरचा घ्या आणि कापल्यावर आयोडीनच्या डिपमधून काढा, म्हणजे जखमेवर जंतू धरत नाहीत.