पाव किलो मीठ

(दृश्य: जुनी चित्रफीत. दांडीचा किनारा.)

६ एप्रिल १९३०. किनाऱ्यावर आपोआप साचलेलं मीठ सरकारी माणसांनी आधीच चिखलात कालवून टाकलं होतं. गांधीजींनी तो खारट चिखलच उचलला. कायदा मोडला. मीठ करणं मात्र घरोघरच्या लोकांवर आलं.

(दृश्य: चूल, मोठी कढई, उकळतं पाणी.)

हे १० लिटर समुद्राचं पाणी. यात साधारण ३५० ग्रॅम क्षार आहेत, पण ते सगळंच खायचं मीठ नव्हे. पाणी आटून २ लिटरवर आलं, की तळाशी हा असा पांढरा गाळ दिसतो. नवख्याला वाटतं, झालं मीठ. हा चुन्याचा आणि जिप्समचा साका. इथे फडक्यातून गाळून घ्यायचं.

लिटरभर उरलं की खरे खडे धरू लागतात. आता जाळ मंद. शेवटचं पेलाभर पाणी आटवायचं नाही, ओतून द्यायचं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते राहिले तर मीठ कडवट लागतं, दमट हवेत त्याला पाणी सुटतं. घाई करणाऱ्याचं मीठ नेमकं इथे बिघडतं.

(दृश्य: तराजू.)

हाती येतं जेमतेम पाव किलो. तेव्हा कर होता मणाला, म्हणजे सुमारे ३७ किलोंना, १ रुपया ४ आणे. पाव किलोमागे २ पैसुद्धा नाहीत. एवढे वाचवायला कोणी चूल फुंकत बसत नाही. परवान्याशिवाय मीठ करणं हाच गुन्हा होता, आणि तो घरच्या भांड्यात करता येत होता. म्हणूनच तर या चळवळीत बायका पुढे आल्या.

(दृश्य: चौपाटी. घागरी, कळशा घेतलेल्या स्त्रिया.)

(निवेदन थांबते. फक्त लाटांचा आवाज.)

(दृश्य: गच्ची, उन्हात चमकणारं पाणी.)

मुंबईत काँग्रेस हाउसच्या गच्चीवर सिमेंटचे हौद केले होते. उथळच हवेत ते. पाण्याची वाफ वरच्या अंगाने होते. हौद खोल केला तर तेवढ्याच उन्हात मीठ धरायला कितीतरी दिवस जास्त लागतात. पोलीस आले की सत्याग्रही हातात हात गुंफून हौदांभोवती कडं करत.

(दृश्य: लाठ्या. निवेदन नाही.)

१ जूनला वडाळ्याच्या मिठागरात सुमारे १५ हजार लोक शिरले. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. कर उठला १९४७ मध्ये.

(दृश्य: कढईच्या तळाशी ओले खडे. एक हात ते फडक्यावर पसरतो.)