बदलीच्या गावी शाळा : दाखला शेवटी काढा

बदलीचा आदेश हातात पडला की बहुतेक घरांत पहिलं काम ठरलेलं असतं : शाळेत जायचं आणि मुलांचे दाखले काढायचे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या सगळ्या कामात दाखला सर्वांत शेवटी येतो. दाखला दिला की जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीतून, मुलाचं नाव कमी होतं. पुढे नव्या गावात जागा मिळाली नाही, किंवा बदलीच रद्द झाली (हेही होतं), तर त्याच शाळेत नव्यानं प्रवेश मागावा लागतो, आणि विनाअनुदानित शाळा असेल तर नव्या प्रवेशाची फीसुद्धा मागितली जाते. शिवाय मूळ दाखला एकदाच मिळतो. हरवला तर प्रतिज्ञापत्र करा आणि द्वितीय प्रत घ्या. म्हणून आधी नवी शाळा ठरवा, तिथल्या मुख्याध्यापकांकडून जागा असल्याचं लेखी घ्या, मग दाखल्याचा अर्ज करा.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ, कारण त्याचा अर्धाच भाग लोकांना माहीत असतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की कोणत्याही कारणानं, राज्यात किंवा राज्याबाहेर, मुलाला शाळा बदलावी लागली तर त्याला तो हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता येत नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. इथपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. न ऐकलेला भाग असा की हा हक्क सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका-महानगरपालिका आणि अनुदानित शाळांकडे जाण्यासाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळा आणि केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सैनिकी शाळा यांना तो लागू नाही. तेव्हा विनाअनुदानित शाळेच्या दारात कलम 5 चा कागद फडकवून उपयोग नाही. कायदा 6 ते 14 वयासाठी आहे, त्यामुळे सीनियर केजीच्या मुलासाठीही नाही.

विनाअनुदानित शाळेला मात्र दुसरं एक कलम बांधतं, 13 वं. देणगी घेता येत नाही. घेतली तर रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड. मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेऊन निवड करता येत नाही. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000. ‘फक्त ओळख करून घेतो’ म्हणत मुलाला आत बोलावून पाढे विचारणं हे त्यातच आलं.

शाळा शोधायची कशी? घर बघायला जाल त्याच फेरीत शाळा बघा. भाडेकरार करून मग शाळा शोधणं महागात पडतं. पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत असावी, हे अंतर डोक्यात ठेवा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या देशव्यापी सरकारी नोंदणीतला क्रमांक, असतो. महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. तो क्रमांक यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर टाकला की शाळा कोणाची, कितवीपर्यंत, शिक्षक किती, पट किती हे दिसतं. क्रमांक सांगायला शाळा टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग दरवर्षी जाहीर करतो. अशा शाळेत मूल दोन वर्षं बसलं तरी त्याची अधिकृत नोंद कुठेच नसते. सुदैवानं कलम 4 नुसार त्याला वयानुरूप वर्गात घेता येतं, पण तो सगळा खटाटोप कशाला ओढवून घ्यायचा!

वर्ग कितवीपर्यंत आहेत हे विचाराच. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असतात. तिसरीतलं मूल तिथे घातलं तर दीड-दोन वर्षांत पुन्हा शाळा शोधायची. याउलट अनेक अनुदानित माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे नवी मुलं घेण्याची सवय आणि जागा दोन्ही पाचवीला असतात. पूर्ण मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत जाणाऱ्या मुलाची अडचण गणितात होते, संज्ञा बदलतात म्हणून. त्या वर्गाची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि उन्हाळ्यातच संज्ञा ओळखीच्या करून टाका. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांच्या माध्यमांत चालतात, त्यामुळे परराज्यातून येणाऱ्यांनी तिथे आधी चौकशी करावी.

आता येतो तो भाग, ज्यावर पालकांचा सगळ्यात जास्त संताप होतो : जुनी शाळा दाखला देतच नाही. याचं खरं कारण सहसा तुमच्याशी संबंधित नसतं. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं. पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. पट 61 चा 60 झाला की एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. मग जुलै-ऑगस्टमध्ये गेलेल्या पालकाला ‘सर रजेवर आहेत’, ‘पुढच्या सोमवारी या’ हे ऐकावं लागतं. याच कारणानं त्याच महिन्यांत नवी अनुदानित शाळा तुमच्या मुलाला आनंदानं घेते. म्हणून त्या काळात तोंडी मागू नका. अर्ज लेखी द्या, बदली आदेशाची प्रत जोडा, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि तीच प्रत नव्या शाळेला द्या. फी थकली म्हणून दाखला अडवणाऱ्या शाळांनाही हेच उत्तर. थकबाकी वसूल करायला त्यांना वेगळे मार्ग आहेत. मुलाचं नाव अडकवणं हा त्यातला नाही.

वेळ निवडणं हातात असेल तर जूनमध्ये, नाही तर दिवाळीच्या सुट्टीत हलवा. पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन झालेलं असतं, त्याच्या गुणांची प्रत प्रगतिपत्रकासोबत घ्या. पाचवीच्या मुलाचं प्रकरण जपून हाताळा. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आणि गरज पडली तर पुनर्परीक्षा असते. त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. पुनर्परीक्षेआधी गाव सोडलं तर निकालाचा घोळ होतो.

कागद हातात आला तरी काम अर्धंच झालेलं असतं. मुलाची नोंद ऑनलाइनही हलायला हवी. सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीत नवी शाळा मागणी पाठवते आणि जुनी मंजूर करते. यू-डायस प्लसवर जुन्या शाळेनं मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकलं की नवी शाळा त्याच्या पेन क्रमांकावरून (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी क्रमांक) उचलते. जुन्या शाळेनं हे केलं नाही तर मूल वर्गात एकीकडे आणि नोंदीत दुसरीकडे राहतं. दाखला घेतानाच पेन क्रमांक लिहून घ्या आणि ‘ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं का?’ हे लिपिकाला तिथेच विचारा. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालातून स्पष्ट आहे. पण संचमान्यता आधार पडताळलेल्या पटावर होऊ लागल्यापासून मुख्याध्यापक आधारचा आग्रह धरतात, आणि दाखल्यावरचं नाव आधारशी जुळलं नाही तर नोंद अडते.

म्हणून दाखला शाळेच्या आवारातच वाचा : नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात-पोटजात. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्तीचा अर्ज साधा असतो. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते, आणि पोटजातीची चूक पुढे जात पडताळणीच्या वेळी वर येते.

केंद्रीय विद्यालयात जाऊ पाहणाऱ्यांनी वयाचा हिशेब आधी करावा. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण लागतात, तिथे 31 मार्चला. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल इथे पहिलीत बसलेलं असतं, तिथे ते त्या वर्षी पहिलीलाही पात्र ठरत नाही.

एवढं करूनही प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागा. ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणानं तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क आयोगाकडे जातं. तीन महिने म्हणजे सत्राचा मोठा भाग. म्हणून तक्रार चालू असताना जवळच्या महापालिका किंवा जिल्हा परिषद शाळेत मुलाला बसवून टाका. हवी ती अनुदानित शाळा मिळाली की तिथून दाखला काढता येतो.