आरसी विमानाचा घरगुती 'ब्लॅक बॉक्स' : हवेतला वेग बरोबर मोजायचा कसा?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर फोमचं ट्रेनर विमान, डाव्या पंखातून पुढे आलेली पितळी नळी.]

नमस्कार मंडळी. आपण मैदानावर उभं राहून आपलं आरसी, म्हणजे रिमोटने उडवायचं विमान बघतो, तेव्हा डोळ्यांना दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. पंखाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. पंख तरतो तो हवेच्या तुलनेतल्या वेगावर. पाठीमागून वारा असला की विमान झपाट्याने जाताना दिसतं, आपण थ्रॉटल कमी करतो, एलेव्हेटर ओढून नाक वर घेतो आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखाची उचल सुटून, खाली येतं. जीपीएस लावून यावर उपाय होत नाही, कारण जीपीएसही जमिनीवरचाच वेग सांगतो. त्यामुळे घरगुती डेटा लॉगरमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या 'ब्लॅक बॉक्स'मध्ये, सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची ती पिटो नळीवर. हवेच्या दाबावरून वेग मोजणारी ती हीच नळी. बाकीचे सेन्सर त्यामानाने सोपे आहेत.

सामान बघून घेऊ. अर्डुइनो नॅनो, म्हणजे सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड. हवेच्या दाबातला फरक मोजायला एमपीएक्सव्ही ७००२ डीपी. त्याचं व्होल्टेज बारकाईने वाचायला १६ बिटचा एडीएस १११५. उंचीसाठी बीएमपी २८०, हालचालीसाठी एमपीयू ६०५०, जीपीएससाठी निओ ६एम आणि मायक्रोएसडी कार्डचं मॉड्यूल. एडीएस, बीएमपी आणि एमपीयू हे तिघं बोर्डाशी आयटूसी या दोन तारांच्या पद्धतीने बोलतात आणि तिघांचे पत्ते वेगवेगळे आहेत, म्हणून तिघं त्याच दोन तारांवर बसतात. मात्र बीएमपी ३.३ व्होल्टचा आहे, त्याला ५ व्होल्टच्या तारा थेट जोडू नका, मध्ये सिग्नलचं व्होल्टेज उतरवणारा लेव्हल शिफ्टर हवा.

[क्लोज-अप: दोन पितळी नळ्या, हँड ड्रिल, ०.८ मिमीचं बिट.]

आता पिटो नळी. बाहेरची नळी ४ मिमी व्यासाची, आतून ३ मिमी. तिच्या आत जाणारी दुसरी नळी २ मिमीची. आतली नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते, आणि दोन नळ्यांमधल्या फटीत बाजूच्या भोकांतून स्थिर दाब येतो.

आधी फक्त बाहेरची नळी घ्या. पुढच्या टोकापासून २५ ते २८ मिमी अंतरावर नळीभोवती चार भोकं पाडा, प्रत्येक ०.८ मिमीचं. हे अंतर नळीच्या व्यासाच्या सहा-सात पट येतं. त्याहून पुढे भोकं घेतली तर टोकावरून वळून येणारी हवा तिथे अजून सरळ झालेली नसते आणि स्थिर दाब चुकतो. भोकं पाडायची ती आतली नळी घालायच्या आधीच. नंतर पाडायला गेलात तर बिट आतल्या नळीत घुसतं, दोन्ही दाब एकमेकांत मिसळतात आणि ती जोडणी फुकट जाते. प्रत्येक भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने घासा, बोट फिरवून बघा. नखाला अडेल एवढीशी कड राहिली तरी वेग चुकतो.

मग आतली नळी सरकवा, पुढची फट सोल्डरने किंवा इपॉक्सीने बंद करा आणि टोक गोल घासा. मागच्या बाजूला बाहेरच्या नळीला एक आडवी नळी सोल्डर करा, ती स्थिर दाबाची. आतली नळी सरळ मागे काढा, तिच्याभोवतीची मागची फटही बंद करा.

नळी पंखावर बसवताना प्रोपेलरच्या झोतापासून दूर, म्हणजे अर्ध्या पंखाच्या साधारण मधोमध घ्या. टोक पंखाच्या पुढच्या कडेपासून किमान १०० मिमी पुढे, जमलं तर त्याहून जास्त. पंखाच्या अगदी जवळ हवा आधीच वळायला लागलेली असते. एका बाजूला वजन वाढलं, तर दुसऱ्या पंखात तेवढंच वजन टाका.

[क्लोज-अप: पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी, मागे मिलिमीटरची पट्टी, बाजूला सिरिंज.]

कॅलिब्रेशनला विंड टनेल लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर चिकटवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. तिचं एक तोंड टी-जोडाने सिरिंजला आणि सेन्सरच्या पुढच्या दाबाच्या तोंडाला जोडा. पाण्याच्या दोन पातळ्यांतला १ मिमी फरक म्हणजे ९.८ पास्कल. १० मिमी फरक ठेवला तर तो १२.६ मीटर प्रति सेकंद वेगाचा दाब, २० मिमीला १७.९, ३० मिमीला २१.९. सिरिंज हळूच दाबा, पातळी स्थिर धरा, लॉग काय म्हणतो ते लिहून घ्या. मग नळी चिमटून मिनिटभर थांबा. पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बहुतेक वेळा टी-जोडातच सापडते.

इथे बहुतेकांची गाडी अडकते ती पुरवठ्याच्या व्होल्टेजवर. हा दाबाचा सेन्सर रेशिओमेट्रिक आहे, म्हणजे त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतं. ५ व्होल्टवर दाबफरक शून्य असताना तो २.५ व्होल्ट देतो आणि दर किलोपास्कलला १ व्होल्ट वाढतो. पण सर्व्हो, म्हणजे एलेव्हेटरसारखे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, एकदम हलले, बीईसीचं, म्हणजे बॅटरीतून ५ व्होल्ट देणाऱ्या सर्किटचं व्होल्टेज ५ वरून ४.८ झालं, की शून्य २.५ वरून २.४ वर सरकतं. ०.१ व्होल्ट किरकोळ वाटेल, पण तो १०० पास्कलचा फरक आहे. विमान जमिनीवर स्थिर उभं असताना त्याच्या नावावर १२.८ मीटर प्रति सेकंदाची चूक लागते! म्हणून एडीएसच्या दुसऱ्या चॅनलवर सेन्सरचा पुरवठाच मोजा आणि गुणोत्तर काढा. सेन्सरचं व्होल्टेज भागिले पुरवठा, त्यातून ०.५ वजा, त्याला ०.२ ने भागा. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. एडीएसची रेंज ६.१४४ व्होल्टची ठेवा, नाहीतर ५ व्होल्ट त्यात मावणार नाहीत.

वेग म्हणजे दाबाच्या दुपटीला हवेच्या घनतेने भागून त्याचं वर्गमूळ. घनता सगळे १.२२५ धरतात, पण तो आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, ३० अंशांच्या दुपारी ती १.०९ च्या आसपास असते. म्हणजे खरा वेग लॉगपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त. बीएमपीकडे दाब आणि तापमान दोन्ही आहेत, त्यातूनच घनता काढा. तापमान मात्र सावलीतलं, उड्डाणाआधीचं घ्या, कारण बंद फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, बोर्ड तापतो.

दाब शून्याच्या खाली गेला तर वर्गमूळ निघत नाही. म्हणून लोक ऋण चिन्ह सरळ काढून टाकतात, आणि मग उभ्या विमानालाही वेग दिसतो. २ पास्कलचा नॉइज म्हणजे १.८ मीटर प्रति सेकंद. चिन्ह बाजूला ठेवा, वर्गमूळ काढा, चिन्ह परत लावा. सरासरी शून्यावरच राहते.

उंचीकडे वळू. बीएमपी फ्यूजलाजमध्ये नुसता ठेवला तर आतला दाब वेगाप्रमाणे बदलतो. १२ पास्कल म्हणजे साधारण १ मीटर उंची, त्यामुळे २४ पास्कलनेही उंची २ मीटरने चुकते. बीएमपी छोट्या बंद डबीत घाला आणि ती डबी पिटोच्या स्थिर दाबाच्या नळीला टी-जोडाने जोडा. डबी अपारदर्शक हवी, थेट ऊन सेन्सरवर पडलं की आकडे हलतात.

एमपीयू सुरुवातीला २ जीच्या रेंजवर असतो. १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर. ६० अंशांच्या सपाट वळणातच २ जी होतात, म्हणून ८ जी निवडा. कंपनांचं गणितही समजून घ्या. ९००० आरपीएमला प्रोपेलर सेकंदाला १५० फेऱ्या मारतो. आपण सेकंदाला ५० नोंदी घेतो, आणि १५० हा ५० च्या पटीतला आकडा, त्यामुळे ते कंपन लॉगमध्ये संथ सरकणाऱ्या जीसारखं दिसतं आणि खरंच वाटतं. चिपमधला फिल्टर २१ हर्ट्झवर ठेवा. मोटर आणि प्रोपेलर बॅलन्स केलेले हवेत, बोर्डाखाली मऊ फोम टेप, आणि बोर्ड सीजीजवळ, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ.

कार्डावर लिहिताना मधूनच पाव सेकंदापर्यंत अडकायला होतं, तेवढ्यात बाराएक नोंदी गळतात. प्रत्येक ओळीत मिलिसेकंदांची वेळ लिहिली तर खाच लगेच दिसते. दर सेकंदाला फ्लश करा, म्हणजे साठलेल्या नोंदी कार्डावर उतरवा, नाहीतर बॅटरी काढल्यावर फाइल रिकामी निघते. जीपीएस नॅनोच्या हार्डवेअर सीरियलवर असेल तर प्रोग्राम टाकताना त्याची तार काढा.

[कॅमेऱ्यासमोर. हातात लाल फीत लावलेलं नळीचं टोपण.]

नळीला टोपण घाला. कुंभारीण माशीला अशी नळी आवडते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचं बोइंग ७५७ डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताजवळ समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. पिटो नळी बंद झाली होती आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. विमान दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, टोपण असतानाच शून्य घ्या, मग टोपण काढून हळूच फुंकर मारा. आकडा हलला तरच उडवा. जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ग्रीन झोनमध्ये आहे ना, तेही बघा.

पहिल्या उड्डाणात थ्रॉटल न हलवता, वाऱ्याच्या रेषेत जाऊन परत या. जीपीएस एकीकडे २२ आणि दुसरीकडे १२ दाखवत असेल तर सरासरी १७. पिटो १६ म्हणत असेल तर १.०६ ने गुणा. घनतेची दुरुस्ती याच्या आधी झालेली हवी, नाहीतर तीच चूक दोनदा दुरुस्त होईल.

मग ६० मीटरच्या वर, थ्रॉटल बंद करून उंची टिकवत वेग उतरू द्या. लॉगमध्ये उभ्या दिशेचा जी अचानक १ च्या खाली पडतो, नाक खाली फिरतं. त्याच्या लगेच आधीचा वेग हा तुमच्या विमानाचा स्टॉल. तो ८ आला तर लँडिंगला त्याच्या १.३ पट, म्हणजे १०.४ च्या खाली येऊ नका. आणि ६० अंशांच्या वळणात तोच स्टॉल ११.३ होतो, तेव्हा वेगाचा आणि जीचा आलेख एकाखाली एक काढा. लँडिंगआधीच्या शेवटच्या वळणात विमानाचा वेग आणि स्टॉलचा वेग किती जवळ आले होते ते तिथे दिसेल.