न खेळणाऱ्या माणसाचा करार

मंडळी, फेब्रुवारी २००८ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या न्यू जर्सी नेट्सने जेसन किड हा आपला सर्वांत मोठा खेळाडू डॅलस मॅव्हरिक्सला दिला. बदल्यात त्यांना डेव्हिन हॅरिस मिळाला, डेसॅगाना डियॉप मिळाला, ट्रेंटन हॅसल आणि मॉरिस एजर मिळाले, पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि ३० लाख डॉलर रोख मिळाले. यादीत आणखी एक नाव होतं, कीथ व्हॅन हॉर्न. २००६ च्या अंतिम फेरीनंतर हा माणूस एकदाही कोर्टवर उतरला नव्हता. घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून तो खेळापासून बाजूला झाला होता. नेट्सकडून तो पुन्हा खेळणार नाही हे नेट्सला ठाऊक होतं, मॅव्हरिक्सला ठाऊक होतं आणि त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. तरीही त्याच्याशी ४३ लाख डॉलरचा नवा करार झाला आणि तो करार किडच्या बदल्यात न्यू जर्सीला गेला.

आज मला याच कराराबद्दल बोलायचं आहे. पैसा कुठून आला, नियम काय होता, हे सगळं मी सांगेन. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. एखादा खेळाडू खेळतो की थांबतो यात कोणाचा फायदा दडलेला आहे? माझ्या मते वेतनमर्यादेचा प्रत्येक नियम याच कसोटीवर घासून बघायला हवा.

आपल्याकडे आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द घरोघरी पोचला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो रोख व्यवहारात, त्याच्या बदल्यात एकही खेळाडू गेला नाही. पर्समध्ये जागा असली की तिथे काम भागतं. एनबीएत ते इतकं सोपं नाही. तिथली सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, १९८४-८५ च्या हंगामात आली, तेव्हा ती संघामागे ३६ लाख डॉलर होती. २००७-०८ मध्ये ती ५ कोटी ५६ लाखांवर गेली होती. पण ही मर्यादा लवचीक आहे. आपला जुना खेळाडू टिकवायचा असेल तर संघाला ती ओलांडता येते. लॅरी बर्डच्या नावाने ‘बर्ड हक्क’ म्हणून ओळखली जाते ती हीच सवलत. त्यामुळे चांगले संघ बहुधा मर्यादेच्या वरच असतात. आणि एकदा का संघ वर गेला, की बाहेरचा महागडा खेळाडू घ्यायचा तर जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. २००८ सालचा हिशोब असा होता, की जेवढा पगार बाहेर जाईल त्याच्या १२५ टक्के अधिक एक लाख डॉलर, इतकाच पगार आत येऊ शकतो.

किडचा त्या वर्षीचा पगार होता जवळजवळ १ कोटी ९७ लाख. हॅरिस तरुण होता, अजून आपल्या पहिल्याच, स्वस्त करारावर होता. मग उरलेला पगार आणायचा कुठून? पहिल्या मसुद्यात जेरी स्टॅकहाऊस आणि डेव्हीन जॉर्ज ही नावं होती, आणि दोन्ही अडली. जॉर्जचा करार एकाच वर्षाचा होता. अशा खेळाडूला दुसरीकडे पाठवलं तर त्याचे बर्ड हक्क जातात, म्हणून त्याला ट्रेड नाकारण्याचा अधिकार असतो. त्याने तो वापरला. एका राखीव खेळाडूने ‘नाही’ म्हटलं आणि साऱ्या लीगचं लक्ष लागलेला सौदा थांबला, हे मला आजही विलक्षण वाटतं. स्टॅकहाऊसने तर पत्रकारांना उघडच सांगून टाकलं, की नेट्स मला मोकळं करतील आणि तीस दिवसांनी मी डॅलसला परत येईन. अशी आधीच ठरवून ठेवलेली परती नियमात बसत नाही. तोही मार्ग बंद झाला.

मग मॅव्हरिक्सने जुनी वही उघडली. फ्री एजंट झालेल्या, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूवरचा हक्क संघाने आपणहून सोडला नाही आणि दुसऱ्या कुणी त्याला घेतलं नाही, तर तो हक्क तसाच राहतो. त्याच्या नावे काही रक्कम कॅपच्या हिशोबात धरली जाते. मर्यादेखालच्या संघाला ती रक्कम जागा अडवते म्हणून नकोशी असते. पण जो संघ आधीच मर्यादेच्या वर आहे, त्याचं त्यात काय जातं? काहीच नाही. म्हणून अशी नावं वर्षानुवर्षं वहीत पडून राहत. व्हॅन हॉर्नने निवृत्तीचे कागद भरले नव्हते, आणि डॅलसने त्याच्यावरचा हक्क सोडला नव्हता. तो खेळला त्या शेवटच्या हंगामात त्याला दीड कोटी डॉलरच्या वर पगार होता. त्यामुळे बर्ड हक्काखाली त्याला ४३ लाख देण्यात नियमाची काहीच आडकाठी नव्हती. करार करून लगेच ट्रेड करण्याच्या या पद्धतीला ‘साइन-अँड-ट्रेड’ म्हणतात. करार किमान तीन वर्षांचा हवा, पण हमी पहिल्याच वर्षाची पुरते. पुढची दोन वर्षं कागदावरच. ४३ लाखांचे १२५ टक्के म्हणजे जवळपास ५४ लाख. किडच्या पगारातली तेवढी जागा एका न खेळणाऱ्या माणसाने भरून काढली. नेट्सला त्याचा पगार द्यावा लागणार होता, पण डॅलसकडून आलेल्या ३० लाखांनी त्यातला बराचसा भार उचलला.

याच व्हॅन हॉर्नने आपली पहिली पाच वर्षं न्यू जर्सीत काढली होती. २००२ मध्ये नेट्स अंतिम फेरीत पोचले तेव्हा किड आणि तो एकाच संघात होते.

हे काही एकटं उदाहरण नव्हतं. त्याच महिन्याच्या १ तारखेला लॉस एंजेलिस लेकर्सने पाउ गसॉलला मेम्फिसकडून आणलं. तो हिशोब थोडा सावकाश करून बघू, कारण नियम कसा चालतो ते त्यात स्वच्छ दिसतं. गसॉलचा पगार १ कोटी ३७ लाखांच्या वर. लेकर्सकडे देण्यासारखा मोठा करार होता क्वामी ब्राउनचा, सुमारे ९० लाख ७५ हजारांचा. त्यात जावारिस क्रिटेंटन या नवख्या खेळाडूचे तेरा लाखांच्या आसपास घाला. बेरीज झाली एक कोटी चार लाखांच्या जवळ. तिचे १२५ टक्के आणि वर एक लाख, म्हणजे १ कोटी ३० लाख. गसॉलला सहा-सात लाख कमी पडतात. तेवढ्यासाठी सौदा अडला असता.

तेव्हा लेकर्सने आपल्या जुन्या वहीतल्या एरन मॅकीला बोलावलं. मॅकी २००१ चा सर्वोत्तम राखीव खेळाडू, पण आता फिलाडेल्फियात ७६र्स संघाच्या प्रशिक्षकांना विनामोबदला मदत करत होता. त्याच्याशी साडेसात लाखांचा करार झाला, आणि त्या साडेसात लाखांनी वर नऊ लाखांहून थोडी जास्त जागा करून दिली. गसॉल लेकर्सचा झाला. २००९ आणि २०१० अशी दोन विजेतेपदं लेकर्सने त्याच्यासह जिंकली. मॅकी मेम्फिसकडून एकही सामना खेळला नाही.

त्या काळात या सौद्यांवर टीकेची झोड उठली. मेम्फिस लुबाडलं गेलं असं अनेक जण म्हणाले. त्याच सौद्यात पाउचा धाकटा भाऊ मार्क याच्यावरचे हक्क मेम्फिसला मिळाले होते, आणि २०१३ मध्ये मार्क गसॉल लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. नेट्सचंही तसंच. हॅरिस पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला, आणि डॅलसच्या २००८ च्या पिकवर त्यांनी रायन अँडरसनला घेतलं. डॅलसची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. किड आल्या वर्षी ते पहिल्याच फेरीत हरले, प्रशिक्षक गेला, पण २०११ मध्ये ३८ वर्षांच्या किडला घेऊन त्यांनी मायामीला हरवलं आणि विजेतेपद मिळवलं.

तर मग यात वाईट काय होतं? मी याचा बराच विचार केला आहे, आणि माझं मत सांगतो. व्हॅन हॉर्न आणि मॅकी यांच्यावर कुणी अन्याय केला नाही. त्यांनी राजीखुशीने सह्या केल्या, त्यांना पैसे मिळाले, आणि त्यांची खेळाची इच्छा आधीच संपलेली होती. अन्याय झाला तो इतर संघांवर. सगळ्यांना एकच मर्यादा आहे म्हणून सांगायचं, आणि ज्याच्या वहीत एखादं जुनं नाव उरलं आहे त्याला जास्तीची जागा द्यायची, हे बरोबर नाही. अशा नावाला खेळाच्या दृष्टीने काही किंमत नसते, पण हिशोबात ते लाखमोलाचं ठरतं. २०११ च्या सामूहिक करारात लीगने आणि खेळाडू संघटनेने हे दार लावून घेतलं. साइन-अँड-ट्रेड करायचा तर तो खेळाडू आधीच्या हंगामाच्या अखेरीस त्याच संघात असला पाहिजे, आणि हंगाम सुरू झाल्यावर असा करार करताच येणार नाही. योग्य केलं. आणखी आधी करायला हवं होतं.

ज्याचा करार मुळातच चालू आहे, त्याचा प्रश्न मात्र राहिला. स्टीव्ह नॅशकडे बघा. ऑक्टोबर २०१४ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे तो पूर्ण हंगामाला मुकणार हे जाहीर झालं. लेकर्सकडून त्या वर्षी त्याला ९७ लाख डॉलर मिळणार होते. पैसे घेतो आणि खेळत नाही म्हणून चाहते त्याच्यावर इतके तुटून पडले, की त्याने उघड पत्र लिहून आपली बाजू मांडली. निवृत्ती त्याने जाहीर केली ती मार्च २०१५ मध्ये, ट्रेडची मुदत उलटून गेल्यावर. त्याने आधी कागद भरले असते तर तो करार कुणाला देता आला नसता. जिवंत करार म्हणजे संघाच्या हातातला पगार, मग त्या पगाराचा माणूस पाठीवर पडून असला तरी. लेकर्सने शेवटी तो कुणाला दिला नाही. मला नॅशचं काही चुकलं असं वाटत नाही. करार आरोग्य चांगलं असतानाच्या भरवशावर झाला होता, आणि शरीराने दगा दिला तर त्या पैशावरचा त्याचा हक्क जात नाही.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्याने मला खरोखर अस्वस्थ केलं. ते आहे डेरियस माइल्सचं.

पोर्टलंडने २००४ मध्ये माइल्सशी सहा वर्षांचा, ४ कोटी ८० लाखांचा करार केला. २००६ मध्ये त्याच्या गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. २००८ मध्ये डॉक्टरांनी निर्णय दिला की दुखापतीने त्याची कारकीर्द संपली आहे. अशा वेळी संघ खेळाडूला पैसे देतो, पण तो पगार कॅपमधून वगळला जातो. नियम माणुसकीचा आहे, दुर्दैवाची शिक्षा संघालाही नको. पण त्याला एक अट होती. तो खेळाडू पुन्हा खेळायला लागला आणि त्याने दहा सामने पूर्ण केले, तर वगळलेला पगार परत संघाच्या माथी येतो.

माइल्सला खेळायचं होतं. बॉस्टनने त्याला हंगामाआधीच्या सामन्यांत उतरवलं आणि सोडलं. मग मेम्फिसने घेतलं. जानेवारी २००९ मध्ये पोर्टलंडच्या व्यवस्थापनाने लीगमधल्या सगळ्या संघांना ई-मेल पाठवला. आमच्या कॅपला धक्का देण्याच्या हेतूने कुणी माइल्सला घेतलं तर आम्ही न्यायालयात जाऊ, असा त्याचा आशय. खेळाडू संघटनेने हरकत घेतली. मेम्फिसने त्याला दहा दिवसांचा करार दिला, त्याचे दहा सामने भरले, त्यात बॉस्टनकडचे सराव सामनेही मोजले गेले, आणि दोन वर्षांचे मिळून १ कोटी ८० लाख डॉलर पोर्टलंडच्या हिशोबात परत आले.

विचार करा, २७ वर्षांचा तरुण, मोडलेल्या गुडघ्यातून उठून पुन्हा उभा राहतो आहे. खेळाच्या जगात याहून आनंदाची बातमी कुठली? आणि त्याच्याच जुन्या संघाला हवं आहे की त्याने बसून राहावं. मी पोर्टलंडच्या माणसांना दुष्ट म्हणणार नाही. नियमानेच त्यांना त्या जागी उभं केलं होतं. व्हॅन हॉर्नच्या सौद्यात त्याच्या न खेळण्याचा लाभ सगळ्यांना झाला, पण तो खेळला असता तरी कुणाचं वाईट झालं नसतं. इथे माइल्सच्या प्रत्येक मिनिटाच्या खेळाने कुणाचं तरी नुकसान होत होतं. जो नियम असं घडवतो तो बदलायलाच हवा, मग त्याने पैशांचे हिशोब कितीही चोख बसोत.

२०११ मध्ये दहाचे पंचवीस सामने झाले. सुधारणा झाली, पण मूळ दोष तसाच राहिला. पंचविसाव्या सामन्याच्या दिवशी तीच ओढाताण होणार, फक्त थोड्या उशिराने.

खरा उपाय पुढे मायामीने दाखवला, तोही मोठ्या वादानंतर. ख्रिस बॉशच्या शरीरात रक्ताच्या गाठी होत असल्याचं निदान झालं. ९ फेब्रुवारी २०१६ हा त्याचा शेवटचा सामना ठरला. त्याला खेळायचं होतं, आणि संघाचे डॉक्टर नाही म्हणत होते. गाठींवर औषध घेत असताना धक्काबुक्कीचा खेळ खेळणं म्हणजे जिवाशी खेळ, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. २०१७ मध्ये संघ, लीग, संघटना आणि बॉश यांच्यात तोडगा निघाला आणि जुलैत मायामीने त्याला मोकळं केलं. त्याला त्याचे पैसे पूर्ण मिळाले, आणि त्याचा उरलेला पगार मायामीच्या कॅपमधून कायमचा वगळला गेला. तो पुन्हा कुठे खेळला असता तरी ती रक्कम मायामीकडे परत येणार नव्हती.

बॉशने त्यानंतरही परतण्याचा प्रयत्न सोडला नव्हता. २०१८ मध्ये त्याने मला अजून खेळायचं आहे असं जाहीरपणे सांगितलं. त्या वेळी मायामीकडून कुणालाही धमकीचं पत्र गेलं नाही, कारण ते पाठवण्याचं कारणच उरलं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने स्वतःहून निवृत्ती जाहीर केली, आणि पुढच्याच महिन्यात त्याच मायामीने त्याची एक नंबरची जर्सी छताला लावली.