पोट डब्ब, रिपोर्ट नॉर्मल

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी एक बाई दवाखान्यात आल्या. भाजीच्या पिशवीतून त्यांनी रिपोर्टांचा गठ्ठा काढला. रक्त, सोनोग्राफी, दोनदा एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. म्हणाल्या, "डॉक्टर, अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट होतं. पंगतीला बसायची लाज वाटते. आणि घरचे म्हणतात, हिच्या मनाचे खेळ."

मनाचे खेळ नाहीत हो. या दुखण्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. आपण जेवायला लागलो की जठराचा वरचा भाग सैलावतो, अन्नाला जागा करून देतो. काहींचा तो नीट सैलावतच नाही. काहींचं जठर सावकाश रिकामं होतं. काहींच्या नसाच इतक्या हळव्या की दुसऱ्याला जाणवणारही नाही असा ताण त्यांना दुखतो. दुर्बिणीतून जठराचं अस्तर दिसतं, हा हळवेपणा कसा दिसणार?

निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेले 2016 चे 'रोम' निकष आहेत. जेवणानंतर त्रासदायक जडपणा, चार घासांत पोट भरणं, बेंबीच्या वर दुखणं किंवा जळजळणं. यातला एक तरी त्रास गेले 3 महिने, सुरुवात निदान 6 महिन्यांपूर्वीची, आणि तपासणीत दुसरं कारण नाही.

मात्र वजन आपोआप घटत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, रक्ताची उलटी झाली, घास अडकत असेल, तर थांबू नका. आणि जिना चढताना छातीत जळजळून घाम फुटला तर सोडा पिऊ नका, आधी ईसीजी काढा.

उपचारात पहिला शोध घ्यायचा तो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा. अल्सरशी त्याचं नातं पटवायला बॅरी मार्शल या डॉक्टरांनी 1984 मध्ये तो चक्क पिऊन टाकला होता! 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. जंतू मारल्यावर काहींना आराम पडतो, सगळ्यांना नाही. मग आम्ल कमी करणारी गोळी, नाश्त्याआधी अर्धा तास, 4 ते 8 आठवडे. आपल्याकडे ती चहाबरोबर वर्षानुवर्षं चालते, केमिस्टच्या भरवशावर.

बाईंना तिनेही फरक पडला नाही. मी अमिट्रिप्टिलिन लिहून दिली, रात्री 10 मिलिग्रॅम. दुसऱ्याच दिवशी फोन. "डॉक्टर, केमिस्ट म्हणतो ही डिप्रेशनची गोळी. तुम्हीही मला वेडीच ठरवलंत?" चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. एवढ्या कमी मात्रेत ती पोटाच्या नसांचा हळवेपणा कमी करण्यासाठी असते. गुण यायला काही आठवडे लागतात. जोडीला थोडं थोडं, चार वेळा खा, तेलकट कमी.

दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पिशवी नव्हती. अर्धीची पाऊण भाकरी झाली होती. म्हणाल्या, "पुरणपोळीचं धाडस अजून होत नाही." म्हटलं, होळीला वेळ आहे.